जुनी वेगवान मोटार : हौस, खर्च आणि जबाबदारी

नव्या मोटारीच्या किमतीत तिच्याहून दुप्पट ताकदीची जुनी मोटार मिळते, हा सेकंड हँड बाजाराचा जुना मोह आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्या गाडीकडे रस्त्यावरचे लोक वळून पाहत, तीच गाडी आज एखाद्या साध्या छोट्या मोटारीच्या भावात विक्रीला उभी असते. मात्र अशा गाडीची खरी किंमत ती विकत घेतल्यानंतर कळते. खरेदीचा भाव उतरला तरी सुट्या भागांचा भाव उतरत नाही, आणि ताशी दोनशे किलोमीटरच्या हिशेबाने घडवलेल्या यंत्राला दुर्लक्ष सहन होत नाही. पुणे परिसरात, विशेषतः हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन या सोलापूर रस्त्यावरच्या पट्ट्यात राहून अशी गाडी बाळगू इच्छिणाऱ्यांसाठी गाडीची निवड, तपासणी, देखभाल, इंधन, कागदपत्रे आणि खर्च यांची ही माहिती.

कोणत्या गाड्या या वर्गात येतात?

भारतात 'परफॉर्मन्स कार' म्हणून जाणीवपूर्वक विकल्या गेलेल्या सर्वसामान्यांच्या आवाक्यातील गाड्या मोजक्याच आहेत. त्यांतील दोन महत्त्वाच्या गाड्या महाराष्ट्रातच तयार झाल्या.

पहिली स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस. औरंगाबादजवळच्या (आता छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथील कारखान्यात २००१ मध्ये ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली आणि २००४ मध्ये तिची व्हीआरएस ही वेगवान आवृत्ती आली. १७८१ सीसीचे, प्रत्येक सिलिंडरला पाच याप्रमाणे वीस व्हॉल्व्हचे, टर्बोचार्जर बसवलेले पेट्रोल इंजिन आणि १५० अश्वशक्ती हे त्या काळच्या भारतीय बाजारात मोठे आकर्षण होते. पुढे २०११ मध्ये १६० अश्वशक्तीची लॉरा व्हीआरएस, २०१७ मध्ये २३० अश्वशक्तीची नव्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस आणि २०२० मध्ये केवळ २०० गाड्यांपुरती मर्यादित अशी २४५ अश्वशक्तीची आवृत्ती आली.

दुसरी गाडी तर पुणे जिल्ह्यातलीच. रांजणगाव येथील फियाटच्या कारखान्यात तयार होणारी अबार्थ पुन्टो २०१५ मध्ये बाजारात आली. १३६८ सीसीच्या टर्बो पेट्रोल इंजिनातून १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि दिल्लीत शोरूमची किंमत दहा लाखांच्या आत, असा तो सौदा होता. त्याआधीची १.६ लिटर इंजिनाची फियाट पालिओ आणि टर्बो पेट्रोल इंजिनाची लिनिया टी-जेट यांचाही चाहता वर्ग आजवर टिकून आहे.

यांखेरीज पहिल्या पिढीतील होंडा सिटी व्हीटेक, मित्सुबिशी लान्सर आणि सिडिया, मारुती बलेनो (२००७ पर्यंतची जुनी सेदान) या गाड्यांनाही टर्बो नसूनही या वर्गात मान आहे. २०१६ मध्ये फक्त ९९ गाड्यांपुरती आयात झालेली फोक्सवॅगन पोलो जीटीआय हे दुर्मीळतेचे टोक. पुण्यात १९९५ पासून जुळणी होत असलेल्या मर्सिडीझ गाड्या वेगापेक्षा ऐषारामासाठी घेतल्या जातात. परंतु जुन्या झाल्यावर त्यांच्या खर्चाचे गणित याच वर्गातील गाड्यांसारखे होते.

निवड करताना एक साधा नियम उपयोगी पडतो. जिच्या साध्या आवृत्त्या रस्त्यावर भरपूर आहेत, अशी वेगवान आवृत्ती निवडावी. ऑक्टाव्हिया व्हीआरएसचे दरवाजे, काचा, सस्पेन्शनचे बरेचसे भाग आणि विजेची जोडणी साध्या ऑक्टाव्हियाशी मिळतीजुळती आहे. तिचे इंजिन फोक्सवॅगन आणि आउडीच्या अनेक गाड्यांत जगभर वापरले गेले. साहजिकच तिचे भाग शोधता येतात. केवळ शंभर-दोनशे गाड्याच आल्या असतील, तर साध्या बंपरसाठीही महिनोन् महिने वाट पाहण्याची वेळ येऊ शकते.

विकत घेण्यापूर्वी

जुन्या वेगवान गाडीचा पहिला मालक बहुधा तिची निगा राखतो. दुसरा मालक तिचा वेग अजमावतो. तिसऱ्या मालकाच्या हाती येईपर्यंत देखभालीचा मोठा खर्च तोंडावर आलेला असतो आणि नेमक्या त्याच वेळी गाडी विक्रीला निघते. म्हणून गाडी किती किलोमीटर चालली यापेक्षा त्या किलोमीटरमध्ये तिच्यावर कोणती कामे झाली, हे अधिक महत्त्वाचे. कामांच्या पावत्या नसतील, तर ती कामे झालेली नाहीत असे धरूनच भाव ठरवावा.

पाहणीच्या वेळी इंजिन थंड असावे, असा आग्रह धरावा. विक्रेत्याने आधीच गाडी गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. थंड इंजिन सुरू करताना साखळीसारखा खडखडाट आल्यास टायमिंग चेन व तिचा टेन्शनर यांची शंका घ्यावी. लॉरा व्हीआरएसच्या पिढीतील १.८ टीएसआय इंजिनात हा दोष जगभर आढळला आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर इंजिन ऑइल जळते आहे. कारण पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो यांपैकी काहीही असू शकते. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅसकेटचा खर्च समोर आहे असे समजावे.

पुढील तपासण्या पैसे मोजून करून घ्याव्यात. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. आकडा मोठा असण्यापेक्षा चारही आकडे परस्परांच्या जवळ असणे महत्त्वाचे. टर्बोची नळी काढून आतील पंखा हाताने हलवून पाहावा. तो मागेपुढे सरकत असेल किंवा त्याची पाती कडेला घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बोचे काम निघणार. संगणकीय तपासणीत दोषांचे कोड वाचून घ्यावेत. कोड अजिबात नसणे हेही संशयास्पद असू शकते, कारण विक्रीपूर्वी ते पुसता येतात. म्हणून पंधरा-वीस किलोमीटरची फेरी मारून पुन्हा वाचावेत. रंगाची जाडी मोजणाऱ्या छोट्या यंत्राने बॉनेट, दरवाजे आणि छताच्या खांबांवरील थर पाहिल्यास अपघातानंतरची दुरुस्ती उघड होते.

पुरातून निघालेल्या गाड्यांबाबत विशेष सावधगिरी हवी. जुलै २००५ मधील मुंबईचा प्रलय आणि २०१९ मधील कोल्हापूर-सांगलीचा पूर यांनंतर पाण्यात बुडालेल्या अनेक गाड्या विमा कंपन्यांकडून लिलावात गेल्या. सीटखालचे रूळ, पायाखालच्या गालिच्यामागचा भाग, स्पेअर चाकाची खोबण आणि सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारे त्याचे टोक येथे गाळाच्या खुणा राहतात. जिच्या विजेच्या जोडणीत एकदा पाणी शिरले, ती गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

इंजिनाची देखभाल

वेगवान गाडीचे इंजिन साध्या गाडीपेक्षा अधिक दाब आणि अधिक उष्णता सोसते. तिच्या देखभालीचे वेळापत्रक त्यामुळे कंपनीच्या पुस्तिकेपेक्षा कडक ठेवावे लागते.

ऑक्टाव्हिया व्हीआरएस आणि अबार्थ पुन्टो या दोन्ही गाड्यांत टायमिंग बेल्ट आहे. हा रबरी पट्टा चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि सगळे इंजिन उघडण्याची वेळ येते. पट्टा वयानेही जीर्ण होतो. गाडी पाच वर्षांत वीसच हजार किलोमीटर चालली, म्हणून तो शाबूत असेल असे नाही. जुनी गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यातच पट्टा, टेन्शनर आणि पाण्याचा पंप एकत्र बदलून घ्यावा. ऑक्टाव्हियाच्या मूळ पंपाचा आतील पंखा प्लास्टिकचा असतो आणि तो तुटून इंजिन तापण्याची उदाहरणे सर्वत्र आहेत. बदलताना धातूच्या पंख्याचा पंप बसवणे श्रेयस्कर.

टर्बोचे आयुष्य ऑइलवर अवलंबून असते. त्याचा पंखा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याचा अक्ष केवळ ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. पूर्णपणे सिंथेटिक आणि कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल वापरावे. ते सात-आठ हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलावे. थंड इंजिनावर पहिली काही मिनिटे ॲक्सिलरेटर जोरात दाबू नये. घाट चढून किंवा वेगाने लांबचा प्रवास करून आल्यावर लगेच चावी फिरवू नये. एक-दोन मिनिटे इंजिन संथ चालू द्यावे, म्हणजे तापलेल्या टर्बोतले ऑइल जळून कोळसा होत नाही.

कूलंटच्या जागी नळाचे किंवा बोअरचे पाणी भरण्याची सवय फार महागात पडते. सोलापूर रस्त्याच्या पट्ट्यात बोअरचे पाणी जड असते. त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात वाहतुकीत अडकलेल्या गाडीचा काटा लाल रेषेकडे जातो. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये योग्य प्रमाणात मिसळूनच भरावे आणि दोन वेगळ्या जातींची कूलंट एकत्र करू नयेत.

जुन्या टर्बो गाड्यांची आणखी एक नेहमीची तक्रार म्हणजे पिकअप मेल्यासारखा वाटणे. कारण बहुतेकदा मोठे नसते. इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन तडकलेल्या रबरी व्हॅक्यूम नळ्या, फाटलेला डायव्हर्टर व्हॉल्व्ह, मळलेला हवामापक सेन्सर किंवा निकामी होऊ लागलेली इग्निशन कॉइल यांपैकी एखादा दोष निघतो. अनुभव नसलेल्या गॅरेजमध्ये थेट टर्बो बदलण्याचा सल्ला मिळतो. म्हणून त्या जातीच्या गाडीचे काम करणारा आणि तिच्यासाठीचे तपासणीचे सॉफ्टवेअर बाळगणारा मेकॅनिक खरेदीपूर्वीच शोधून ठेवावा. मेकॅनिक नक्की नसेल, तर गाडी घेऊ नये.

डीएसजी गिअरबॉक्स असलेल्या गाड्यांत ओल्या क्लचच्या सहा गिअरच्या पेटीचे ऑइल व फिल्टर साठ हजार किलोमीटरला बदलणे आवश्यक असते. मागील मालकाने ते बदलल्याचा पुरावा नसेल, तर ते काम लगेच करावे.

इंधन : लोणीचे डेपो आणि इथेनॉलचा प्रश्न

पुणे शहराच्या पेट्रोलचा आणि लोणी काळभोरचा संबंध जवळचा आहे. मुंबईहून पुण्यामार्गे सोलापूरकडे जाणारी हिंदुस्थान पेट्रोलियमची इंधनवाहिनी लोणीला येते आणि येथील तेल कंपन्यांच्या डेपोंतून टँकर पंपांकडे निघतात. साखर कारखान्यांच्या आसवन्यांमध्ये तयार झालेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे काम अशा डेपोंतच होते. ज्या उसाच्या ट्रॉलींमुळे हिवाळ्यात सोलापूर रस्त्याची वाहतूक मंदावते, त्याच उसाचा एक अंश अशा रीतीने गाडीच्या टाकीत येतो.

देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. एप्रिल २०२३ पासून तयार झालेल्या गाड्यांतील इंधनाशी संबंध येणारे भाग वीस टक्के मिश्रणाला टिकतील असे केलेले आहेत. २००४ ची ऑक्टाव्हिया किंवा २०१५ ची अबार्थ पुन्टो त्या हिशेबाने बनलेली नाही. जुन्या गाडीच्या मालकापुढे यातून तीन प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न रबराचा. इथेनॉलमुळे जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या, सील आणि गॅसकेट फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची गळती म्हणजे आगीला आमंत्रण. इंधनाच्या सर्व रबरी नळ्या, पंपाचे सील आणि इंजेक्टरच्या रिंगा इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लुओरोकार्बन रबराच्या बसवून घेणे, हा जुन्या गाडीवरचा आज सर्वांत आवश्यक खर्च आहे. पेट्रोलचा वास आल्यास गाडी तत्काळ थांबवावी.

दुसरा प्रश्न पाण्याचा. इथेनॉल हवेतील आर्द्रता शोषून घेते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली, तर टाकीच्या तळाशी पाणी आणि इथेनॉल यांचा वेगळा थर साचू शकतो. धातूची टाकी असेल तर ती गंजते. हौसेची गाडी पावसाळ्यात झाकून ठेवण्याची पद्धत असली, तरी निदान आठवड्यातून एकदा ती इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत फिरवावी. फार दिवस उभी ठेवायचीच असेल, तर टाकी अर्धी न ठेवता भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही.

तिसरा प्रश्न मिश्रणाचा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे नऊ किलो. म्हणजेच त्याच हवेसाठी इथेनॉलमिश्रित इंधन अधिक सोडावे लागते. साध्या वेगात ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने गाडीचा संगणक ही तूट भरून काढतो. परंतु ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबल्यावर जुन्या गाड्यांचे संगणक आधी ठरवून दिलेल्या तक्त्याप्रमाणेच इंधन सोडतात. तेव्हा उणीव पूर्ण भरून निघेलच असे नाही. आणि टर्बो इंजिनाला इंधन कमी पडणे म्हणजे पिस्टनचे तापमान वाढणे. तपासणीच्या सॉफ्टवेअरवर इंधन-सुधारणेचा आकडा सतत मोठा दिसत असेल, तर इंजेक्टर, पंप आणि फिल्टर यांची तपासणी करावी. इथेनॉलची एक जमेची बाजूही सांगितली पाहिजे. त्याचा ऑक्टेन अधिक असतो, त्यामुळे इंजिनातील ठोके कमी होण्यास मदत होते.

ॲव्हरेजमधील घट हा तुलनेने लहान विषय आहे. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये, मुळात इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींत वीस टक्के मिश्रणामुळे सहा ते सात टक्के घट अपेक्षिली होती. लिटरला दहा किलोमीटर जाणारी गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटर चालत असेल, तर सहा टक्के घटीने वर्षाकाठी सुमारे ३८ लिटर पेट्रोल जास्त लागेल. हौसेच्या गाडीच्या एकूण खर्चात ही रक्कम मोठी नाही. खरा धोका नळ्या आणि सील यांचा आहे.

ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन

जुन्या वेगवान गाडीत पैसे आधी ब्रेकवर आणि मग इंजिनावर खर्च करावेत. ब्रेकचे तेल हवेतील पाणी शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. दिवे घाट किंवा बोरघाट उतरताना ब्रेक तापले, की त्या तेलात वाफ तयार होते आणि पेडल मऊ होऊन तळाला जाते. दर दोन वर्षांनी हे तेल पूर्ण बदलावे, आणि घाटात गाडी ब्रेकवर न सोडता खालच्या गिअरमध्ये उतरवावी. ब्रेकच्या रबरी नळ्या दहा वर्षांहून जुन्या असल्यास बदलाव्यात.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी वय पाहावे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. '२३१६' म्हणजे २०१६ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. कमी चालणाऱ्या हौसेच्या गाडीवर असे जुने, कडक झालेले टायर हमखास सापडतात. सहा वर्षांपुढचे टायर वेगाच्या गाडीवर ठेवू नयेत. चारही टायर एकाच जातीचे आणि गाडीला नेमून दिलेल्या वेगाच्या दर्जाचे असावेत.

खड्डे आणि गतिरोधक यांचा मार सस्पेन्शनच्या रबरी बुशांवर बसतो. कमी उंचीच्या, कडक स्प्रिंगच्या गाडीत हे भाग लवकर झिजतात. स्टिअरिंग एका बाजूला ओढणे, गतिरोधकावरून जाताना खटखट आवाज, टायर एका कडेने खाल्ला जाणे ही त्याची लक्षणे. शॉक ॲबसॉर्बर जोडीनेच बदलावेत आणि त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावी.

सुटे भाग कोठे मिळतात?

कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडे पहिली चौकशी करावी. जुन्या गाडीचे भाग तेथे महाग असले तरी भागाचा नेमका क्रमांक तेथे खात्रीने कळतो. हा क्रमांक हाती असला, की बाजारात शोधणे सोपे होते. पुण्यात नाना पेठेत वाहनांच्या सुट्या भागांची दुकाने आहेत, तर मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात वापरलेले भाग सापडतात. मुंबईत ऑपेरा हाउस परिसर नव्या भागांसाठी आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या भागांसाठी प्रसिद्ध आहे.

फियाटने भारतात स्वतःच्या नावाच्या गाड्यांची विक्री थांबवली असल्यामुळे अबार्थच्या मालकांनी थोडी साठवण करणे शहाणपणाचे. टायमिंग बेल्टचा संच, क्लच, सेन्सर, व्हॅक्यूम नळ्या आणि इग्निशन कॉइल आधीच घेऊन ठेवल्यास गाडी गॅरेजमध्ये अडकून पडत नाही. परदेशातून भाग मागवता येतात. पण वाहतूक खर्च आणि सीमाशुल्क धरल्याशिवाय भावाची तुलना करू नये. ब्रेक, सस्पेन्शन आणि टायमिंग यांचे भाग मात्र वापरलेले कधीही बसवू नयेत.

कागदपत्रे आणि पासिंग

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर प्रादेशिक परिवहन कार्यालयात गाडी दाखवून, फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मधील अधिसूचनेने वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते दहा हजार रुपये केले. महाराष्ट्रात पंधरा वर्षांपुढील खासगी वाहनांना पर्यावरण करही भरावा लागतो. २००४-०५ मधील व्हीआरएस घेणाऱ्याने वीस वर्षांपुढील शुल्काचा हिशेब आधीच करावा आणि नोंदणीची मुदत संपलेली गाडी 'नंतर पासिंग करून देतो' या आश्वासनावर कधीही घेऊ नये. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणेच बेकायदा आहे आणि अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येतो.

हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. गाडीवर कर्ज होते का, हे आर.सी.वर पाहावे आणि बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५ घ्यावा. चासी आणि इंजिन क्रमांक स्वतः डोळ्यांनी गाडीवर वाचून आर.सी.शी जुळवावेत, वेगवान गाड्यांत इंजिन बदललेले असण्याची शक्यता अधिक असते.

दिल्लीत जुन्या वाहनांवर आलेल्या निर्बंधांमुळे तेथील गाड्या अनेक वर्षे स्वस्तात इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी घेताना तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवेच. बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात वापरायची असल्यास येथे नव्याने नोंदणी करून येथील कर भरावा लागतो. हा कर धरल्यावर स्वस्ताईचा बराचसा भाग नाहीसा होतो.

बीएस-४ पूर्वीच्या गाडीला पीयूसी दर सहा महिन्यांनी, तर त्यापुढील गाडीला वर्षाने घ्यावे लागते. विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनाच्या आकारावर ठरतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार हजार ते पंधराशे सीसीच्या मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि पंधराशे सीसीवरील मोटारीला ७,८९७ रुपये होते. पाच वर्षांपुढील गाडीची विमा रक्कम मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते. ती कमी लिहून हप्ता वाचवण्याचा मोह टाळावा.

फेरफार आणि कायदा

जुनी वेगवान गाडी घेतली, की इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणे, मोठा सायलेन्सर लावणे, गाडी आणखी खाली घेणे असे मोह सुरू होतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडीत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्टपणे अधोरेखित केली. नोंद न केलेल्या बदलांमुळे पासिंग अडते आणि विमा कंपनीला दावा नाकारण्यास कारण मिळते. यांत्रिक बाजूनेही, वीस वर्षांच्या क्लचवर आणि गिअरबॉक्सवर वाढीव ताकद लादणे म्हणजे पुढचा खर्च ओढवून घेणे. मूळ स्थितीतील गाडीला विक्रीच्या वेळीही अधिक मान मिळतो.

वार्षिक खर्चाचा अंदाज

प्रत्येक गाडीची गोष्ट वेगळी असल्याने एकच आकडा सांगणे योग्य नाही. परंतु अंदाज बांधण्याची पद्धत सांगता येते. खर्चाचे तीन भाग करावेत. पहिला, दरवर्षी ठरलेला : विमा, पीयूसी, ऑइल, फिल्टर. दुसरा, दोन ते पाच वर्षांनी येणारा : टायर, ब्रेक, बॅटरी, टायमिंग बेल्ट, नोंदणी नूतनीकरण, याची एकूण रक्कम काढून वर्षांनी भागावी. तिसरा, न सांगता येणारा : टर्बो, गिअरबॉक्स, संगणक, वातानुकूलन यंत्रणा. या तिसऱ्या भागासाठी, त्या गाडीतील सर्वांत महाग भागाच्या किमतीएवढी रक्कम बाजूला ठेवलेली असावी. गाडीची किंमत देऊन झाल्यावर ही रक्कम हाती उरत नसेल, तर ती गाडी आपल्या ऐपतीबाहेरची आहे, मग तिचा भाव कितीही कमी असो.

पहिल्या वर्षाचा खर्च पुढच्या वर्षांहून नेहमीच अधिक असतो, कारण मागच्या मालकाने पुढे ढकललेली कामे तेव्हा करावी लागतात. या कामांचा खर्च खरेदीच्या भावातून वजा करून घेणे, हीच खरी घासाघीस.

रस्ता सर्वांचा

सोलापूर रस्त्यावर हडपसर ते उरुळी कांचन या टप्प्यात इंधनाचे टँकर, उसाच्या ट्रॉली, कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या दुचाकी आणि दुभाजकातून अचानक रस्ता ओलांडणारे पादचारी एकाच वेळी असतात. ऊस हंगामात मागे दिवा किंवा परावर्तक नसलेल्या ट्रॉली रात्री अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. चालकाने ट्रॉली पाहून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतच एवढे अंतर संपलेले असते. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीत आजच्या गाडीइतक्या एअरबॅग नसतात, असलेल्या चालतीलच याची खात्री नसते आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा तर नसतेच. अशा गाडीचा वेग अजमावायचाच असेल, तर त्यासाठी चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइमतूरचा कारी यांसारखे शर्यतींचे मार्ग आहेत. सार्वजनिक रस्त्यावर तिचा खरा आनंद वळणावरचे नेमके स्टिअरिंग, इंजिनाचा स्वच्छ आवाज आणि ओव्हरटेक करताना हाताशी असलेली राखीव ताकद यांत आहे.

जिला रोज कार्यालयात जायचे आहे, घरात दुसरे वाहन नाही आणि महिन्याचे अंदाजपत्रक घट्ट आहे, अशा व्यक्तीने जुन्या वेगवान गाडीच्या वाटेला जाऊ नये. ती गाडी नेमकी गरजेच्या दिवशी गॅरेजमध्ये असेल. ज्याच्याकडे रोजच्या वापरासाठी दुसरे साधन आहे, विश्वासाचा मेकॅनिक आहे, बाजूला ठेवलेली रक्कम आहे आणि एखाद्या भागासाठी चार आठवडे थांबण्याची तयारी आहे, त्याला मात्र शेंद्रा किंवा रांजणगावहून निघालेली एखादी चांगली जपलेली गाडी आजच्या नव्या गाड्यांत क्वचित मिळणारे समाधान देऊ शकते. अशा गाड्या आता दरवर्षी कमीच होत जाणार आहेत. शिल्लक असलेल्यांपैकी चांगली गाडी ओळखून घेणे आणि ती मूळ स्थितीत, सुरक्षित ठेवणे ही तिच्या मालकाची जबाबदारी आहे.